स्कूटरचा श्वास

मंगळवारी दुपारी चार वाजले की त्या बैठ्या घरासमोर चपलांचा असा ढीग साचायचा, की मागून येणाऱ्याला आपली जोडी रस्त्यापलीकडे काढून अनवाणी यावं लागे. तरी माणसं येतच होती. कुणाच्या हातात नवऱ्याचं मनगटी घड्याळ, कुणाच्या हातात आईचा चष्मा, कुणी भावाचा मोबाइल रुमालात गुंडाळून आणलेला. गेलेल्या माणसाची आवडती वस्तू घेऊन यायचं, अशी श्वासबाबांची आज्ञा होती. ती वस्तू परत घरी न्यायची नाही, अशीही त्यांचीच आज्ञा होती.

आत दिवाणखान्यात एक लाकडी चौथरा, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारी पांढरी चादर, आणि चादरीवर मधल्या स्टँडवर उभी केलेली निळी स्कूटर. हँडलला हार, सीटवर फुलं, भोवती उदबत्त्यांचा घमघमाट. खिडक्या बंद आणि त्यांच्या फटींत चिंध्या ठासलेल्या.

"आत्मा म्हणजे लाजरा पाहुणा," श्वासबाबा सांगायचे. "वाऱ्याची झुळूक आली की उठून जातो. म्हणून फटी बंद! श्वास म्हणजे हवा, हवा म्हणजे प्राण, आणि यंत्राचा प्राण म्हणजे पेट्रोल! माणूस जातो, पण ज्या यंत्रावर त्याने जीव लावला, त्यात त्याचा श्वास उरतो. विज्ञानही हेच सांगतं. फक्त ते विज्ञानाला अजून कळलेलं नाही."

या शेवटच्या वाक्यावर शिकलेली माणसं जास्त माना डोलवायची.

मग बाबा बटण दाबायचे. स्कूटर सुरू व्हायची, पण आवाज कसा, तर मांजरीने झोपेत गुरगुरावं तसा. बाबा दाराजवळच्या बुटक्या खुर्चीवर बसायचे, घड्याळाकडे बघायचे आणि डोळे मिटायचे. मधेच दोनदा उठून "तोंडावर पाणी मारायला" बाहेर जाऊन यायचे. थोड्या वेळाने बसलेल्यांपैकी एकेकाचं डोकं जड व्हायचं. छाती दाटायची. डोळ्यांपुढे अंधारी यायची, कानात गुणगुण व्हायची, आणि मग त्या अंधारीत ज्याला जे हवं ते दिसायचं.

"आली गं! माझी आई आली!"

"हे बघा, हे बघा, खांद्याला हात लावला माझ्या!"

स्कूटरच्या अगदी मागे, पहिल्या रांगेत, एक जागा ठरलेली होती. तिथे घराची मालकीण बसायची. सगळे तिला ताई म्हणत. स्कूटर तिच्या एकुलत्या एका मुलाची. तो जाऊन आठ महिने झाले होते. डोकं जड झालं की ताई "सोन्या, सोन्या" असं पुटपुटायला लागायची, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू यायचं, की बाकीच्या बायका आपलं दुःख विसरून तिच्याकडे बघत राहायच्या.

दारापाशी भिंतीला टेकून उभा असायचा तो काळवंडल्या बोटांचा माणूस म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. गल्लीच्या टोकाला त्याचं सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान. सारे त्याला मिस्त्री म्हणत. भोकं पडलेली, बोंबलणारी गाडी त्याच्याकडे यायची आणि गप्प होऊन जायची. एवढ्या गाड्यांची तोंडं बंद केली, पण स्वतःचं एक बंद करता येत नाही, असं त्याची बायको म्हणे. पण त्या खोलीत मिस्त्रीच्या तोंडून शब्द फुटत नसे. कारण ती स्कूटर त्यानेच गप्प केली होती.

त्याची हकीकत अशी. भाच्याने स्कूटर घेतली आणि आठवड्याच्या आत तो मामाच्या दुकानात हजर.

"मामा, ही काय शिवणयंत्रासारखी वाजते! पोरं हसतात मला. आतलं सगळं काढून टाक ना."

"अरे, लोकांचे कान किटतील. पोलीस धरेल."

"तुझं नाव सांगणार नाही, शप्पथ."

"आणि तुझ्या आईला काय सांगू?"

"तिला तर बरंच आहे. तीन गल्ल्यांवरून कळेल मी आलो ते. चहा टाकून ठेवेल."

लाडक्या भाच्यापुढे मामाचं जे होतं तेच झालं. त्याने सायलेन्सरचं पोट कापलं, आतल्या नळ्या आणि आडवे पत्रे काढले, आणि पुन्हा वेल्डिंग मारलं. त्या दिवसापासून स्कूटर डरकाळ्या फोडायला लागली. शेजारी शिव्या द्यायचे. ताईही द्यायची, पण लांबून डरकाळी ऐकू आली की तिचा हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जायचा.

मग एका आठवड्याच्या तापात पोरगा गेला. हॉस्पिटलच्या फाटकाशी राहिलेली स्कूटर मिस्त्रीने घरापर्यंत ढकलत आणली. सुरू करायची त्याची छाती झाली नाही. ताईने आवाज ऐकला असता आणि तिचा हात पातेल्याकडे गेला असता.

श्वासबाबा उगवले ते सहा महिन्यांनी. कुणी आणलं कुणास ठाऊक. दुःखाचं घर अशा लोकांना पत्ता न विचारता सापडतं. स्कूटर बघून म्हणाले, "मुलगा इथेच आहे. पण या गोंगाटात त्याला तुझी हाक पोचत नाही. आवाज बंद कर, धूर दिसू देऊ नको. मग बघ."

ताई भावाच्या दुकानात आली. "भाऊ, तिचा आवाज बंद कर रे. अगदी बंद. आणि धूर नको."

तिने कारण सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. त्याला वाटलं, बहिणीला आता तो आवाज सोसत नसेल. त्याने सायलेन्सर उतरवला तर आपलंच जुनं वेल्डिंग हाताला लागलं. ओबडधोबड, घाईघाईचं. शेजारी उभं राहून कुणीतरी "मामा, झालं का? मामा, झालं का?" करत होतं म्हणून घाईचं. मिस्त्रीने ग्राइंडर चालवला. ठिणग्या उडत असताना डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसत नाही, एवढं एक बरं त्या धंद्यात. त्याने नव्या नळ्या बसवल्या, पत्रे बसवले, सांधे असे जोडले की शेपटाशी फडकं दाबून धरलं तरी कुठून फुसकारा नाही. फडकं काढून पाहिलं तर पांढरंशुभ्र. इतकं चोख काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. आणि भाच्याचा जगात उरलेला तेवढा आवाजही आपल्या हाताने पुसला.

पुढच्या मंगळवारी बहिणीने त्याला पहिल्या रांगेत बसवलं. आणि खोटं कशाला बोला, मिस्त्रीलाही भाचा दिसला. मिस्त्री देवावर भार टाकून जगणारा माणूस, हातोडी ठोकतानाही त्याच्या ओठांवर देवाचंच गाणं. त्याची छाती दाटली, अंधारीत काहीतरी निळं हललं, "मामा" असं कुणीतरी म्हणालं. तो ढसाढसा रडला. ताईने त्याचा हात घट्ट धरला. घरी जाऊन त्याला ओकाऱ्या झाल्या. बायको म्हणाली, ऊन लागलं.

त्यानंतर तो आत बसला नाही. दाराशी उभा राही. विश्वास उडाला म्हणून नव्हे, सहन होत नव्हतं म्हणून. पण बहिणीत पडलेला फरक त्याला दिसायला लागला. ती चहात साखर घालायची आणि मिनिटाभराने पुन्हा घालायची. "जेवलास का?" विचारायची, उत्तर ऐकायची आणि पुन्हा विचारायची. एकदा स्वतःच्या फाटकाशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, आपण कुठे निघालो होतो रे?" ती तर नुकतीच बाहेरून आली होती. बाबा म्हणाले, "तिचं चित्त मुलात विलीन होतंय." शेजारणी म्हणाल्या, "चेहऱ्यावर तेज बघा कसं आलंय!"

एका बुधवारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आपली फुसफुसणारी गाडी घेऊन दुकानात आल्या. मिस्त्री डोकं दाबत बसला होता.

"काय मिस्त्री, डोकं दुखतंय?"

"बुधवारी दुखतंच. आत्म्याचा भार राहतो म्हणतात."

"कुणाच्या आत्म्याचा?"

त्याने सांगितलं. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं, की बाईंनी काढायला घेतलेलं हेल्मेट अर्ध्यावरच राहिलंय.

"बंद खोलीत? इंजिन चालू ठेवून?"

"आवाज नाही हो त्याचा. आणि धूर तर औषधालाही नाही. मी स्वतः फडकं लावून बघितलंय."

"फडक्यावर काजळी दिसते, मिस्त्री. मारणारा वायू दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावून बसतो. मग डोकं जड होतं, छाती दाटते, अंधारी येते, भास होतात, ओकारी होते. पुन्हा पुन्हा थोडा थोडा गेला तर आठवण जाते. आणि एक दिवस माणूस बसल्या जागी झोपतो, तो उठत नाही."

"पण मी सायलेन्सर इतका चोख..."

"सायलेन्सर आवाज गाळतो हो. विष गाळत नाही."

मिस्त्रीने उठून दुकानाचं शटर पुरतं वर सारलं. तीस वर्षं त्याने गिऱ्हाइकांना हेच सांगितलं होतं, की आवाज नाही, धूर नाही, म्हणजे गाडी ठणठणीत. त्याच्या गुरूनेही त्याला हेच सांगितलं होतं. थंडीत शटर ओढून काम करताना डोकं असंच जड व्हायचं, त्याला दोघंही वेल्डिंगचा त्रास म्हणायचे. अंधश्रद्धा काय फक्त फुलं वाहणाऱ्याची असते? पाने-हातोडीवाल्याचीही असते, आणि ती जास्त चिवट, कारण तिला तो अनुभव म्हणतो.

त्याच संध्याकाळी तो बहिणीकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला दिसला होता ना तो?" तिने विचारलं.

"दिसला होता."

"'मामा' म्हणाला होता ना?"

"ताई, तो वायू..."

"वायू 'मामा' म्हणतो का रे?" तिचा आवाज चढला. "सगळ्या जगाला सुख झालेलं चालतं, फक्त बहिणीचं तेवढं बघवत नाही तुला! आठवड्यातून एकदा येतं माझं लेकरू. एकदा! तेही काढून घे."

मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, "ताई, एकच मंगळवार मला दे. सगळं तसंच राहील. बाबा तेच, फुलं तीच, खिडक्या बंद, इंजिन चालू. मी फक्त एक नळी लावतो, सायलेन्सरच्या तोंडापासून, भिंतीला भोक पाडून, बाहेर. चादरीखालून जाईल, कुणाला दिसणार नाही. तरीही सोन्या आला, तर तुझे पाय धरीन आणि दर मंगळवारी पहिल्या रांगेत बसेन."

ताई हसली. तिला खात्रीच होती. "लाव. एक काय दहा नळ्या लाव. नळीला बघून कुठलं लेकरू आईला विसरतं?"

मंगळवारी सकाळी त्याने लवचिक लोखंडी नळी आणली, सायलेन्सरच्या शेपटाला पट्टीने आवळली, चौथऱ्याखालून नेली आणि भिंतीतल्या भोकातून परसात काढली. काम करताना त्याची नजर कार्बोरेटरच्या स्क्रूवर गेली. त्याने लावून दिला होता तसा तो नव्हता. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, असा कुणीतरी मुद्दाम फिरवला होता. असं केलं की पेट्रोल धडपणे जळत नाही आणि इंजिन तोच वायू दुप्पट ओकतं. स्कूटरपाशी एकट्याने "साधना" करायची परवानगी घरात एकाच माणसाला होती. मिस्त्रीने स्क्रू हलवला नाही. सगळं तसंच ठेवायचं, असा शब्द दिला होता.

चार वाजले. चपलांचा ढीग लागला. श्वासबाबांनी बटण दाबलं, खुर्ची गाठली, घड्याळ बघितलं, डोळे मिटले. डॉक्टरीणबाई मागच्या रांगेत येऊन बसल्या होत्या.

खोली वाट बघत राहिली. स्कूटर मांजरीसारखी गुरगुरत होती. उदबत्त्या जळत होत्या. कुणी खोकलं. कुणी मांडी बदलली. नेहमीची वेळ उलटून गेली. कोपऱ्यातला म्हातारा शिंपी, जो दर वेळी आपल्या बायकोला पाहून हमसाहमशी रडायचा, तो डोळे चोळत म्हणाला, "बाबा, आज डोकं हलकंच आहे."

"श्रद्धा कमी पडतेय!" बाबा म्हणाले. "श्वास आत ओढा! खोल! आणखी खोल!"

सगळ्यांनी खोल श्वास ओढले. काही झालं नाही.

"कुणीतरी शंका घेऊन बसलंय! शंकेच्या जागी आत्मा पाऊल ठेवत नाही!" बाबा उठले. स्कूटरजवळ जाऊन त्यांनी ॲक्सिलरेटर पिळला, पुन्हा पिळला. मग नाक उचलून हवा हुंगली, वाकून चादर वर केली, आणि चादरीखाली नळी बघून त्यांचा तोल गेला.

"ही नळी कुणी लावली?"

"मी," मिस्त्री म्हणाला. "का हो बाबा?"

"काढ ती! आत्ता काढ!"

"का काढायची? श्वास चालू आहे, यंत्र चालू आहे. आत्म्याला नळीची अडचण काय?"

"अरे गाढवा, सगळा धूर बाहेर गेला तर यांना चढणार काय!"

वाक्य तोंडातून निसटलं आणि खोलीत अशी शांतता झाली की इंजिनाची ती गुरगुर पहिल्यांदाच सगळ्यांना नीट ऐकू आली. डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी आधी स्कूटर बंद केली, मग फटींतल्या चिंध्या उपटून खिडक्या उघडल्या, आणि मग तो न दिसणारा वायू काय करतो ते सगळ्यांना साध्या शब्दांत सांगितलं. बाबा दाराच्या फटीशीच का बसायचे, घड्याळ का बघायचे, सारखे बाहेर का जायचे, तेही सांगितलं. बाबांनी फिरवलेला स्क्रू मिस्त्रीने दाखवला. बाबा दाराकडे सरकत होते, पण शिंप्याने आडवी काठी धरली. पोलीस आले तेव्हा कळलं, की बाबा पूर्वी एका इमारतीच्या तळघरात जनरेटर सांभाळायचे. तिथे माणसांना काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं आणि त्याचा धंदा केला. घड्याळं, चष्मे, मोबाइल, कितीतरी विकून झालेलं होतं.

या सगळ्या गलक्यात ताई आपल्या जागी बसून होती. तिने ना बाबांकडे पाहिलं, ना भावाकडे. ती चादरीकडे बघत म्हणाली, "आला नाही रे."

"ताई..."

"मी हाक मारली. सगळा वेळ मारत होते. आला नाही."

कथा सांगणारे इथे टाळ्या वाजवून घेतात. बुवा पकडला, बुद्धीचा विजय झाला. पण त्या खोलीत कुणी जिंकल्यासारखं दिसत नव्हतं. शिंपी काठी टाकून भिंतीकडे तोंड करून रडत होता. त्याची बायको दुसऱ्यांदा गेली होती. मिस्त्रीने बहिणीला उचलून रिक्षात घातलं. हॉस्पिटलात मागच्या बैठकांना बसलेल्यांचं हृदय आणि मेंदू तपासले, चौघांना ठेवून घेतलं, त्यात ताई. नाकावर प्राणवायूचा मुखवटा लावून ती छताकडे बघत पडली होती.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-चार मंगळवार गेले असते तर सांगता आलं नसतं. पण जे गेलं ते परत आलं नाही. पोराच्या शेवटच्या वर्षातलं बरंचसं तिच्या मनातून पुसलं गेलं. तो दाढी ठेवायला लागला होता हे तिला आठवेना. फोटो दाखवला तर परक्या मुलाकडे बघावं तशी बघायची, आणि मग भावाच्या तोंडाकडे बघून कळायचं तिला, की हा आपलाच. बाबाने लेक आणून देतो म्हटलं होतं, आणि होता तेवढाही नेला.

मिस्त्रीने खूप दिवस देवापुढे बसून विचारलं, माझ्याच हातून का? उत्तर आलं नाही. पण बसता बसता एवढं त्याला उमजलं, की ज्याच्यापाशी मन मोकळं करायचं, तो कुणाला गुदमरवून भेट देत नाही. जिथे प्रश्न विचारायला बंदी आहे, तिथे तो नाहीच. पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो हात धुता धुता सांगू लागला, "आवाज बंद केलाय, विष बंद केलेलं नाही. गाडी बंद खोलीत चालू करू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारा, यातलं एक काहीतरी बदलून पुन्हा होतो का बघू."

दोनेक महिन्यांनी एक बाई ताईच्या दारात आली. लांबून आली होती, बसने, दोन गाड्या बदलून. वय फार नव्हतं. पायांवर धूळ, डोळे सुजलेले. मिस्त्री बहिणीच्या घरी औषधाच्या गोळ्या मोजून ठेवत होता.

"इथेच ती स्कूटर आहे ना?" बाईने विचारलं. "मला कुणीतरी सांगितलं. माझी मुलगी... सहा वर्षांची होती. एकदाच बघू द्या. एकदाच."

मिस्त्री पुढे झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्याला आता पाठ होतं. पण ताईने हाताने त्याला थांबवलं, बाईला आत घेतलं, पाणी दिलं आणि शेजारी बसली.

"स्कूटर नाही आता," ती म्हणाली. "आणि असती तरी दाखवली नसती."

"पण तुमचा मुलगा तर यायचा ना? सगळे म्हणतात."

ताईने बाईच्या हातातला रिकामा पेला घेऊन बाजूला ठेवला. शब्द तिला हल्ली शोधावे लागत.

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "तो येत नव्हता, बाई. मी जात होते."

बाईला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने पदरात तोंड खुपसलं. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. बऱ्याच वेळाने बाईने विचारलं, "मग आता तुम्ही काय करता हो?"

"रडते," ताई म्हणाली. "डोकं ठिकाणावर ठेवून रडते."